गळ्यापाशी पुन्हा पुन्हा उमटणारा मेकअपचा डाग: रेशमी ब्लाऊज मशीनमध्ये न टाकता कसा साफ करायचा

लग्नाहून आल्यावर रेशमी ब्लाऊजच्या गळ्याला लागलेलं फाउंडेशन ओल्या रुमालाने पुसलं. डाग गेला. सकाळी पाहावं तर त्याच जागी बदामी कड. पुन्हा पुसलं, पुन्हा गेला. मग इस्त्री फिरवली आणि तो आणखी पिवळा होऊन वर आला. ब्लाऊज मशीनमध्ये टाकायची सोय नाही, कारण आत कप शिवलेले आहेत, बाह्यांवर जरीचं काम आहे आणि काठाचा रंग सुटेल ही धास्ती आहे. दर वेळी ड्रायक्लीनला द्यायचं तर खर्च आहेच, शिवाय तिथूनही कधी कधी डाग तसाच परत येतो.

मी एका भरतनाट्यम वर्गाचे पोशाख सांभाळते. शिवलेले कांजीवरम, आत सुती अस्तर, मुलींच्या मानेपर्यंत लावलेलं पॅनकेक, म्हणजे रंगमंचासाठीचा जाड मेकअप, आणि कार्यक्रमभराचा घाम, त्यामुळे हा डाग मला वर्षभर भेटतो. लग्नसराईत नात्यातल्या, सोसायटीतल्या बायका ब्लाऊज घेऊन येतात त्यांचीही तक्रार हीच असते, की डाग गेला होता, परत आला. अशा वेळी मी ब्लाऊज आधी उलटा करते. वरचं रेशीम स्वच्छ दिसत असतं आणि अस्तर मेकअपने माखलेलं असतं. ते अस्तर साफ होत नाही तोवर वरचं कितीही पुसा, डाग परत येणारच.

असं का होतं

फाउंडेशनला रंग देते ती खनिज पूड. पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा, पिवळी-तांबूस छटा आयर्न ऑक्साइडची. ही पूड पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळत नाही, ब्लीचनेही उडत नाही. तिला धाग्याला धरून ठेवतं ते फाउंडेशनमधलं तेल, मेण किंवा सिलिकोन. म्हणजे आपल्याला काढायचा आहे तो हा धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तो सुटला की पूड त्याच्याबरोबर बाहेर येते.

नुसत्या पाण्याने पुसलं की उलटं होतं. पूड जागची हलते, तेल तिथेच राहतं, आणि घासण्याच्या जोराने दोन्ही अस्तरात ढकलली जातात. रात्री ब्लाऊज वाळतो तेव्हा अस्तरातलं पाणी वरच्या कापडाकडे ओढलं जातं, कारण तिथूनच ते हवेत उडत असतं. समईची वात तेल वर ओढते तसंच हे होतं. पाण्याबरोबर तेल आणि पूड वर येते, आणि पाणी उडालं की ती कडेला साचून राहते. ती सकाळची बदामी कड.

इस्त्रीनंतर दिसणाऱ्या डागाचं कारण थोडं वेगळं. उष्णतेने मेण आणि तेल पातळ होऊन पसरतं आणि धाग्यात मुरतं. तिसरा प्रकार महिन्यांनी दिसतो. स्वच्छ समजून घडी घालून ठेवलेला ब्लाऊज पुढच्या लग्नाला काढावा तर गळ्यापाशी पिवळा पट्टा. राहिलेल्या तेलाची हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू प्रक्रिया होते, ते पिवळं पडतं आणि घट्ट होतं. हा डाग सर्वांत चिवट. म्हणून कपड्यावरचं फाउंडेशन दिसेनासं झालं एवढ्यावर थांबायचं नाही, तेल गेलं की नाही ते पाहायचं.

आधी तपासणी

ब्लाऊज उलटा करून खिडकीच्या उजेडात धरा. अस्तरावर डाग वरच्यापेक्षा मोठा असेल तर काम अस्तरापासून सुरू करायचं. मग डागावर पांढरा पेपर नॅपकिन ठेवून बोटाने दाबा. नॅपकिनवर अर्धपारदर्शक ठसा आला तर तेल भरपूर आहे. नंतर अस्तराच्या बाजूने डागावर पाण्याचा एकच थेंब सोडा. तो मुरला तर साधं फाउंडेशन. थेंब गोळा होऊन तसाच बसला तर ते वॉटरप्रूफ प्रकारातलं, सिलिकोन किंवा मेण जास्त असलेलं आहे, आणि नुसत्या साबणाच्या पाण्याने ते हलणार नाही.

शेवटची चाचणी कधीही टाळू नका. ब्लाऊजच्या आत शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड असतं, तिथे जे काही वापरणार आहात त्याचा एक थेंब लावा आणि पांढऱ्या कापडाने दाबून धरा. कापडाला रंग लागला तर हात लावायचा नाही, कपडा थेट ड्रायक्लीनला. गडद लाल, जांभळा, मोरपंखी रेशमात हे बऱ्याचदा होतं.

डाग काढायची रीत

जवळ ठेवायचं सामान साधं आहे: जुन्या धोतराचे किंवा पंच्याचे पांढरे मऊ तुकडे, कॉर्नफ्लॉवर, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि रेशमी-लोकरी कपड्यांसाठी मिळतं तसं सौम्य लिक्विड. घरात रिठे असतील तर रिठ्याचं गाळलेलं पाणी चालतं. रेशमाला ते चांगलं मानवतं, फक्त पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या कापडावर त्याची तपकिरी झाक राहू शकते. रोजच्या कपड्यांची धुण्याची पावडर मात्र नको. तिचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, साधारण ९ ते ११ पीएचचं. रेशीम हे प्रथिनाचं, त्याला अल्क सोसत नाही, चमक जाते आणि धागा कमकुवत होतो.

पहिलं काम कोरडं. फाउंडेशनचा थर जाड असेल तर चमच्याच्या बोथट कडेने वरच्यावर उचलून घ्या. मग दोन्ही बाजूंनी कॉर्नफ्लॉवर भुरभुरून तासभर तरी तसंच ठेवा. वेळ असेल तर रात्रभर. ते तेल शोषतं. ब्रशने हलकेच झटकून टाका, पूड पिवळट झालेली दिसली तर पुन्हा एकदा टाका. मुलतानी माती वापरायचं बरेच जण सुचवतात, पण तिचाच रंग फिकट कापडात बसतो, म्हणून मी ती टाळते. निम्मा डाग अनेकदा या कोरड्या कामातच जातो. घाई असली की नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि पुढचे सगळे घोटाळे तिथून सुरू होतात.

दुसरं काम अस्तर वेगळं करण्याचं. रेशीम आणि अस्तर एकमेकांना चिकटून असताना एक साफ करायला गेलं की घाण दुसऱ्यात जाते. ब्लाऊजच्या खालच्या पट्टीला बहुधा हातशिलाई असते. तिचे चार-सहा टाके उसवले की आत हात जातो. तिथून घडी घातलेला पांढरा तुकडा सरकवून गळ्यापर्यंत न्या आणि दोन कापडांच्या मध्ये ठेवा. टाके नंतर पाच मिनिटांत घालता येतात. कप शिवलेले असतील तर तेही एका बाजूने सोडवून बाहेर काढा. आतला फोम मेकअप आणि घाम दोन्ही धरून ठेवतो आणि ओला झाला की लवकर वाळत नाही. कप वेगळे हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये दाबायचे.

आता ओलं काम, तेही अस्तरापासून. अर्धा कप कोमट पाणी, हाताला जेमतेम उबदार लागेल इतकं, त्यात लिक्विडचे चार-पाच थेंब. कापडाचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळा. ठिबकत असेल तर पाणी जास्त आहे. अस्तरावर डागाच्या बाहेरून आत येत टिपा. दाबायचं, उचलायचं, तुकड्याची स्वच्छ जागा पुढे करायची, पुन्हा दाबायचं. मध्ये ठेवलेल्या कापडावर बदामी ठसे येऊ लागतील, तेही सरकवत राहा. ठसे यायचे थांबले की अस्तर झालं.

मग रेशीम. ते शक्य तिथे आतल्या बाजूने टिपायचं, म्हणजे डाग ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर जातो. ओल्या रेशमावर घासाघीस अजिबात करायची नाही. ओलं रेशीम नाजूक असतं, वरचे बारीक तंतू तुटून पांढुरकी लव उभी राहते आणि ती जागा कायमची निस्तेज दिसते. डाग गेला पण तिथे पांढुरका ठिपका राहिला, अशी तक्रार येते ती घासण्यामुळे. त्यावर नंतर काही इलाज नाही.

शेवटी साबण काढायचा. साध्या पाण्यात पिळलेल्या तुकड्याने तसंच टिपत राहा, बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत. राहिलेला साबण धूळ धरतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कळकट पट्टा दिसतो. त्याला लोक जुना डाग समजतात आणि पुन्हा साबण लावतात.

वॉटरप्रूफ फाउंडेशन आणि पॅनकेक

ज्यावर थेंब मुरला नव्हता, त्याला आधी सैल करावं लागतं. इथे औषधांच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल, उपयोगी पडतं. बोळ्यावर थोडंसं घेऊन अस्तराच्या बाजूने टिपायचं, खाली कोरडं कापड ठेवून. काम खिडकीजवळ करा आणि गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांपासून लांब. ते चटकन पेटतं. रंगाची चाचणी इथे दुप्पट काळजीने घ्या, कारण पाण्याला पक्का असलेला रंग स्पिरिटने सुटू शकतो.

चेहऱ्याचा मेकअप पुसायचं पाण्यासारखं मायसेलर वॉटरही चालतं, सुती अस्तरावर तर चांगलंच. हलवून वापरायचं दोन थरांचं रिमूव्हर वॉटरप्रूफ मेकअप नक्की सोडवतं, पण त्यात तेलकट थर असतो आणि तो कापडातच राहतो. म्हणून त्यानंतर वर सांगितलेलं साबणाचं आणि मग साध्या पाण्याचं टिपणं केलंच पाहिजे. नाहीतर आज बदामी डाग गेला आणि सहा महिन्यांनी पिवळा आला, असं होतं. पैठणीच्या पदरावर, जरीच्या आसपास हे रिमूव्हर मी वापरत नाही.

पाण्याची कड राहिली तर

डाग गेला, पण ओल्या भागाची कड वाळल्यावर नकाशासारखी दिसते. कापडातली खळ आणि धूळ पाण्याबरोबर कडेला जाऊन साचते. यासाठी टिपतानाच कड मोडायची, म्हणजे शेवटी जवळजवळ कोरड्या तुकड्याने ओल्या भागाच्या बाहेरपर्यंत हलके हात फिरवायचे, जेणेकरून ओलं आणि कोरडं यांच्यात स्पष्ट रेघ उरणार नाही. मग दोन कोरड्या पंच्यांमध्ये ठेवून दाबा आणि हेअर ड्रायरच्या थंड हवेने कडेकडून मध्याकडे वाळवा. कड उमटून गेली असेल तर शिवणीपासून शिवणीपर्यंतचा तेवढा पूर्ण भाग एकसारखा दमट करून पुन्हा वाळवल्यावर ती बरीच जाते. वाळवणं सावलीत, पंख्याखाली. उन्हाने रेशीम पिवळं पडतं.

वाळल्यावर लगेच इस्त्री नको. एक रात्र हँगरवर राहू द्या आणि सकाळी खिडकीशी धरून पाहा. काहीच उमटलं नसेल तरच आतून, कमी तापावर, मध्ये मलमल ठेवून इस्त्री करा. काही उमटलं असेल तर मध्ये कापड ठेवून अस्तराचं टिपणं पुन्हा. दुसऱ्या खेपेला ते बहुतेक निघतंच.

बाकीचे डाग

लिपस्टिकमध्ये मेण आणि एरंडेल असतं, शिवाय काही प्रकारांत धाग्यालाच रंगवणारा रंग असतो. आधी बोथट कडेने मेण उचला, मग स्पिरिट, मग साबण. मेण गेल्यावर जी गुलाबी छटा उरते ती त्या रंगाची. पांढऱ्या सुती कुर्त्यावरची अशी छटा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टिपल्याने जाते. रंगीत कापड, रेशीम आणि जरीचं काम यांपासून ते दूर ठेवा. मेणबत्तीचं मेण काढायला टिपकागद ठेवून इस्त्री फिरवतात, ती युक्ती लिपस्टिकवर करू नका. मेण कागदात येईल, रंग मात्र कायमचा बसेल.

काजळ आणि मस्कारा यांत बहुधा कार्बनची काजळी असते. तिला कुठलंही रसायन उडवू शकत नाही, ती फक्त उचलून घ्यावी लागते. पाणी लावलं की काळ्या ठिपक्याचा राखाडी पट्टा होतो. म्हणून स्पिरिट किंवा लिक्विडचा पाणी न मिसळलेला थेंब, न चोळता, आणि धीराने टिपणं. पांढऱ्या रेशमावर पुसट सावली राहण्याची शक्यता आहे, ती मान्य करून थांबावं. त्यामागे लागून कापड विरण्यापेक्षा ते बरं.

कुंकू, केम गावचं असो की पंढरपूरचं, आधी कोरडंच झटका. कपडा आडवा न ठेवता उभा धरून, मागून टिचकी मारून. पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं आणि हळदीचा गुण असा की अल्क लागलं की ती लाल होते. हळदी समारंभातल्या कुर्त्याला साबण लावल्यावर डाग एकदम तांबडा झालेला पाहून घाबरायला होतं. साबण पुरता धुऊन काढला की तो पुन्हा पिवळा होतो. सुती कपड्यावरची उरलेली हळद उन्हात फिकी होत जाते, कारण तिचा रंग उजेडाला टिकत नाही. रेशमाला हा इलाज लागू नाही. बाजारात मिळणारं पुष्कळ कुंकू आता रासायनिक रंगाचं असतं आणि ते पाण्यात भराभर पसरतं, त्याला पाणी दाखवायच्या आधी जेवढं झटकता येईल तेवढं झटकावं.

नेलपॉलिश सुती कपड्यावर असेल तर रिमूव्हरने निघतं. पण त्यात ॲसिटोन असेल तर ॲसिटेटचं अस्तर त्याने अक्षरशः विरघळतं, आणि टिकल्यांचं भरतकाम खराब होतं. कापड कशाचं आहे याची खात्री नसेल तर रिमूव्हर लावू नका. पावडर आणि चमकी फक्त झटकायची, ओली करायची नाही.

हे उपाय टाळा

टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, रेशमाची चमक तिने जाते. खाण्याचा सोडा अल्कधर्मी. लिंबू तांब्याच्या जरीला लावलं की ती डागाळते. हेअर स्प्रे पूर्वी चालायचा तो त्यातल्या अल्कोहोलमुळे; त्यातली चिकट राळ कापडावर राहते, मग नुसतं स्पिरिटच का नको? आणि पेट्रोल किंवा रॉकेल घरात कधीही वापरू नका. लाँड्रीत पेट्रोल वॉश म्हणतात म्हणून ते घरच्या बाल्कनीत करून पाहण्यासारखं नाही. त्याच्या वाफा पेटायला स्विचची ठिणगी पुरते.

पुढच्या वेळी

आमच्या वर्गात आता प्रत्येक पोशाखाच्या गळ्याला आतून सुती पट्टी टाचतो. दोन बोटं रुंद, कडेच्या जरा आत, लांब टाक्यांची, बाहेरून न दिसणारी. कार्यक्रम संपला की ती उसवून धुवायची. पोशाखांचे गळे यामुळे जितके वाचले तितके दुसऱ्या कशानेच वाचले नाहीत. ब्लाऊज समोरून उघडणारा असेल तर मेकअप आधी, नाहीतर ब्लाऊज आधी आणि खांद्यांवर जुनी ओढणी पिनांनी लावून मग मेकअप. मानेवर फाउंडेशन लावलंच पाहिजे असेल तर गळ्याच्या रेषेच्या दोन बोटं वर थांबावं, वरून पावडर दाबावी आणि पूर्ण सुकू द्यावं. घरी आल्यावर घामाने दमट ब्लाऊज कपाटात टाकू नये. कॉर्नफ्लॉवर त्याच रात्री भुरभुरलं तर पुढचं काम फार सोपं होतं.

ड्रायक्लीनला कधी द्यायचं

रंग सुटतो, कापड फार जुनं किंवा विरलेलं आहे, डाग पैठणीच्या पदरावर किंवा जरीत आहे, किंवा तो महिन्यांचा पिवळा पट्टा आहे, अशा वेळी घरचे प्रयोग नकोत. देताना डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याने सैल धावदोरा घाला, कारण दुकानाच्या उजेडात हे डाग दिसत नाहीत. अस्तरावरचा डागही उलटून दाखवा. डाग कशाचा, किती दिवसांचा, आणि तुम्ही त्यावर काय काय लावलंत ते स्पष्ट सांगा. आधी स्पॉटिंग, म्हणजे फक्त डागावरचं काम, करून मगच ड्रायक्लीन करा आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका, असं पावतीवर लिहून घ्या. कपडा परत आला की प्लॅस्टिकची पिशवी काढून दिवसभर वाऱ्यावर ठेवा, धावदोऱ्याच्या आत उजेडात नीट पाहा, आणि मगच दोरा उसवा.